जिन्यातले चाळीस सेकंद

६ नोव्हेंबर

नोकरीत असताना कामाची डायरी रोज लिहायचो. निवृत्त झालो त्या दिवशी शेवटचं पान भरलं आणि सुटलो एकदाचे, असं वाटलं. आज पुन्हा वही आणली, कारण काम निघालं आहे.

सकाळी लेकीचा फोन आला. चार महिन्यांत तिने आपणहून केलेला हा तिसरा. हवापाणी बोलून झाल्यावर मी म्हटलं, बेडकीला घेऊन ये ना थोडे दिवस. बेडकी म्हणजे नात, सव्वातीन वर्षांची. ती चालत नाही, उड्या मारते, म्हणून हिने, माझ्या बायकोने, ठेवलेलं नाव. लेक मग म्हणाली, "बाबा, आधी त्या जिन्याचं काहीतरी करा. मग येईन."

"जिन्याचं म्हणजे काय करू?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नाही. पण आपलं घर अंधारं आहे, ही तिची लहानपणापासूनची तक्रार. हिचीही तीच. तेव्हा ठरवलं, एकट्या जिन्याचं काय घेऊन बसायचं, सगळ्या घराचीच दिव्यांची आखणी नव्याने करायची. घर देखणं दिसलं पाहिजे आणि वीज आत्तापेक्षा कमी लागली पाहिजे. वीज खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली अकरा बचत कक्षात. लोकांच्या इमारतींत जाऊन वीज कुठे वाया जाते ते शोधायचो. गल्लीतली पोरं मला अजून फ्यूजकाका म्हणतात. एवढं काम मला जमायला हवं. लेकीला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी असते. तोवर पुरं करायचं.

आधीची स्थिती नोंदवावी लागते, म्हणून नोंदवतो. घर दोन मजली, वर दोन खोल्या, खाली दोन. माणसं: एक. ही जुलैत गेली. जिन्यात चक्कर येऊन पडली, नऊ दिवस हॉस्पिटलात होती. कागदावर तसंच लिहिलेलं आहे.

७ नोव्हेंबर

आज उजेड मोजला. निवृत्तीच्या वेळी ऑफिसातल्या मंडळींनी लक्समीटर भेट दिला होता. देताना एकजण म्हणाला होता, "साहेब, आता घरच्यांना छळा."

बैठकीची खोली सत्तर लक्स. वाचायला बसतो तिथे नव्वद. स्वयंपाकघरात ओट्यावर मोजायला गेलो, तर आकडा एकदम पंचवीसवर आला. मीटर बिघडला म्हणून मागे सरलो, तर वर गेला. मग लक्षात आलं. दिवा पाठीमागच्या भिंतीवर आहे. ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली आपल्या हातावर पडते. म्हणजे ही तीस वर्षं स्वतःच्या सावलीत भाजी चिरत होती. एकदाही बोलली नाही. की बोलली असेल?

वरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. सुईखाली एकेचाळीस लक्स. मीटरचा सेल बदलून पुन्हा मोजलं. एकेचाळीस. एकदा एका शिवणकारखान्याच्या अहवालात मी लिहिलं होतं की तीनशेच्या खाली उजेड म्हणजे कामगारांच्या डोळ्यांवर अन्याय आहे. ते वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी बैठकीत वाचून दाखवलं.

जिना मोजायचा राहिला. उद्या.

९ नोव्हेंबर

वायरमन आला. गेली वीस वर्षं या घरातला प्रत्येक खिळा आणि वायर त्याच्या हातची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण सांधे माझ्याहून जुने. तोंडात एकच वाक्य, "साहेब म्हणतील तसं."

त्याला आखणी समजावली. पूर्वी आपण छताच्या मधोमध एक दिवा टांगून मोकळे व्हायचो. ते चुकीचं. खोलीभर पसरणारा मऊ उजेड वेगळा, कामाच्या जागेवर पडणारा वेगळा आणि भिंतीवरून, पडद्यावरून नुसता फिरणारा शोभेचा वेगळा. तिन्हींची बटणं निरनिराळी. जिथे माणूस तिथेच दिवा, म्हणजे बचत आपोआप होते.

"हे बरं झालं, साहेब," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "आणि जिना?"

"जिना शेवटी."

"बरं." पण जाताना जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि खालचं बटण एकदा दाबून बघितलं.

त्या जिन्यात दोष काढण्यासारखं काही नाही. दोन भिंतींच्या मधून वर जातो, खिडकी नाही, भर दुपारीही दिवा लागतो. सात वर्षांपूर्वी मी तिथे टायमर बसवला. खाली एक बटण, वर एक. दाबलं की दिवा लागतो, चाळीस सेकंदांनी आपला आपण विझतो. मागे कुणी बंद करत फिरायला नको. अंदाजाने काही केलं नव्हतं. घड्याळ लावून चढलो होतो. तेरा पायऱ्या, तेरा सेकंद. त्याची तिप्पट आणि वर एक सेकंद बक्षीस. खात्याच्या पत्रिकेत त्यावरचं माझं टिपण चौकटीत छापून आलं. हिने ते कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. अजून आहे.

११ नोव्हेंबर

वायर जाणार म्हणून जिन्याचा कठडा पुसून काढला. कठडा म्हणजे भिंतीला धरून गेलेली लोखंडी नळी. तिला तीन ठिकाणी लोकर बांधलेली निघाली. बाराव्या पायरीवर हिरवी, अकराव्यावर तांबडी, नवव्यावर पिवळी. हिरवी मळून काळी पडलेली, पिवळी तशी नवी. गाठी खालच्या बाजूला, चांगल्या आवळून मारलेल्या. हिची खोडच ती. घरात जिथे हात घालाल तिथे लोकर निघते. ब्लेडने कापावी लागली. टाकली नाही, स्क्रूच्या डब्यात ठेवली. या घरात काही टाकत नाहीत.

पायऱ्यांचे आकडे उगाच लिहून ठेवले. सवय जात नाही.

१५ नोव्हेंबर

दिव्यांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान. मी सात वॅटचा दिवा मागितला, तर म्हणाली, "आजोबा, वॅट काय विचारता? वॅट म्हणजे दिवा खातो किती. देतो किती ते बघायचं, ल्युमेन बघायचे."

हे वाक्य मी अकरा वर्षं गावोगाव भाषणात म्हणत हिंडलो. गप्प ऐकून घेतलं. तिने सांगितलेलं बाकीचंही बरोबर होतं. बसायच्या-जेवायच्या जागी पिवळसर उजेड, ओट्यावर आणि शिवणाला पांढऱ्याकडे झुकणारा, आणि डोळ्यांत घुसणारा उघडा दिवा कुठेच नको.

मग तिने जेवणाच्या टेबलावर टांगायची कापडी शेड दाखवली. फिकट बदामी, खालची किनार जराशी वळलेली. मी ती ओळखली. तीन वर्षांपूर्वी ही याच काचेपुढे थांबली होती. "अहो, ही बघा ना." मी म्हटलं होतं, निम्मा उजेड कापडालाच द्यायचा तर दिवा लावायचा कशाला. ही हसली होती आणि पुढे चालू लागली होती.

"घरात दाखवून मग न्या," मुलगी म्हणाली. "पुरुष माणसं नेतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन येतात."

"पसंत केलेलीच आहे," मी म्हटलं.

घरी येऊन मोजलं. कापड साधारण पस्तीस टक्के उजेड खातं. निम्मा नाही.

२० नोव्हेंबर

स्वयंपाकघर झालं. ओट्यावरच्या फळीखाली दिव्यांची लांब पट्टी लावली. एकूण नऊ वॅट. पूर्वीच्या दिव्याच्या निम्म्याहून कमी आणि ओट्यावर चारशेवीस लक्स. सावली नाही. वायरमनने मुद्दाम हात फिरवून बघितला, पोरासारखा.

नव्या उजेडात जुन्या गोष्टी दिसायला लागतात ही मात्र पंचाईत. डब्यांवर हिने जाड शाईने नावं लिहिली आहेत. 'साखर', 'मीठ', एकेक अक्षर बोटाएवढं. बालवाडी उघडायची आहे का, असं मी तेव्हा विचारलं होतं. ओट्याशेजारच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक तेलकट डाग आहे. उभं राहून गुडघा दुखायला लागला की ती तिथे टेकत असणार. रंगाऱ्याला बोलवायचं होतं. सध्या नको.

दुपारी चारला वायरमनसाठी कोपऱ्यावरून चहा मागवला. तो म्हणाला, "तुम्ही, साहेब?" मी चारचा चहा सोडला आहे. झोप लागत नाही त्याने.

२१ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. "स्वयंपाकघर बघशील तर ओळखणार नाहीस."

"छान."

"टेबलावर शेड लावली आहे. तुझ्या आईला हवी होती ती."

पाठीमागे बेडकीच्या उड्यांचा धपधप आवाज. मग, "आणि जिना?"

"जिना शेवटी घेतोय. सगळं एकदम कसं होईल?"

"सगळं सांगितलंच नव्हतं मी, बाबा. एवढंच सांगितलं होतं." आणि म्हणाली, दूध उतू जातंय, ठेवते.

तिला सगळं कसं चटकन हवं असतं. आखणी ही गोष्ट टप्प्याटप्प्याने होते.

२५ नोव्हेंबर

वरची खोली. शिवणयंत्रावर वाकवता येणारा दिवा बसवला. पाचशेऐंशी लक्स. सुईचं नेढं बसल्या जागेवरून दिसतं. यंत्रावर अर्धवट शिवलेला बेडकीचा झगा तसाच आहे. एका बाहीचा टाका वेडावाकडा गेला आहे. हिचा टाका कधी वाकडा जात नसे.

वायरमन म्हणाला, "साहेब, इथे बसणार कोण आता?"

मी म्हटलं, आखणीत जागा सुटता कामा नये.

माझं लिहायचं टेबल या खोलीत होतं. ते ऑगस्टमध्ये खाली आणलं, पलंगही खालीच आहे. वर मी कामापुरता येतो. येताना चटकन येतो.

२८ नोव्हेंबर

आज भांडण झालं. जसं झालं तसं लिहितो.

वायरमन सकाळी आला तो पेटी न उघडता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. "साहेब, आता जिना तेवढा राहिला. आणि मला एक सांगायचंय. सांगितल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही."

"सांग ना. ड्रामा कशाला?"

"वहिनींनी मला दोनदा सांगितलं होतं, टायमरची वेळ वाढवून दे म्हणून. एकदा गेल्या वर्षी, आणि एकदा या मे महिन्यात, पंखा लावायला आलो होतो तेव्हा."

"मग वाढवायची."

"मी म्हटलं, साहेबांना विचारून करतो."

"मग विचारायचं!"

"विचारलं होतं, साहेब." तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या टेस्टरकडे बघत होता. "तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, चाळीस सेकंदांत माणूस वर जाऊन परत खाली येतो."

मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. वीस वर्षांत बोललो नव्हतो असं बोललो. ती चक्कर येऊन पडली, डॉक्टरांचा कागद आहे, तू कोण मोठा लागून गेलास, असं सगळं. तो उठला. "कागद आहे ना साहेब, मग झालं," म्हणाला. पेटी उचलून गेला. चहा मागवलेला होता, तो आला आणि गार झाला.

३० नोव्हेंबर

काही केलं नाही.

२ डिसेंबर

आज चाचणी घेतली. क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

हिचा उजवा गुडघा गेला होता. ती एक पाय वर ठेवायची, मग दुसरा त्याच पायरीवर आणायची, मग पुढची पायरी. मी तसा चढायचं ठरवलं. हातात ट्रे घेतला. त्यावर कप, कपात पाणी, सांडू द्यायचं नाही. खालचं बटण कोपराने दाबलं, तीही तसंच दाबायची, आणि निघालो. मुद्दाम सावकाश चढलो नाही. सांडू नये एवढंच बघत होतो.

नवव्या पायरीवर दिवा गेला.

मी तिथेच उभा राहिलो. दोन्ही हात ट्रेला. कठडा उजवीकडे होता, पण धरायला हात नव्हता. अंधार म्हणजे नुसता अंधार. पुढची पायरी कुठे आहे ते पाय सांगत नव्हता. वर बटण चार पायऱ्यांवर, खाली नऊ पायऱ्यांवर, आणि मधे काहीच नाही. सात वर्षांत मी या जिन्यात कधी अंधारात सापडलो नव्हतो. ट्रे खाली ठेवून बसलो. पाणी पायावर सांडलं.

बसल्या बसल्या कठड्यावरून हात फिरला आणि मला एकदम लोकर आठवली. खाली येऊन ही वही काढली, अकरा तारखेचं पान. बारा, अकरा, नऊ. स्क्रूचा डबा उघडला.

हिरवी लोकर माझ्या स्वेटरची. निवृत्तीच्या वर्षी विणला होता. तांबडी लेकीच्या शालीची, बेडकी पोटात असतानाची. पिवळी बेडकीच्या टोपीची, गेल्या हिवाळ्यातली. म्हणजे पाच वर्षांपूर्वी दिवा जायचा तेव्हा ही बाराव्या पायरीवर असायची, एकच उरलेली. साडेतीन वर्षांपूर्वी अकराव्यावर. गेल्या वर्षीपासून नवव्यावर. अंधार जिथे गाठेल तिथे तिने खूण बांधून ठेवली होती. हाताला लोकर लागली की समजायचं, आता इतक्या उरल्या. एका पायरीला सव्वातीन सेकंद, मग साडेतीन, मग साडेचार. जन्मभर लोकांच्या घरातल्या नोंदी तपासत हिंडलो. ही नोंद माझ्या घरात रोज माझ्या हाताखालून जात होती, आणि हाती आली तेव्हा मी ब्लेडने कापली.

जुलैच्या त्या दिवशी चार वाजता मी वर टेबलापाशी बसून पत्रिकेसाठी लिहीत होतो. बचतीच्या दहा सवयी. सातवी लिहून झाली होती. वरून हाक मारली, "चहा झाला का गं?" ती म्हणाली, "आणते." हातात ट्रे होता. लोकर हाताला लागणार कशी?

आणि चक्कर. डॉक्टरांनी विचारलं होतं, पडल्या कशा? मी म्हटलं, चक्कर आली असेल. त्यांनी लिहून घेतलं. तो शब्द त्यांचा नव्हता. ती नऊ दिवस शुद्धीवर होती-नव्हती. एकदा डोळे उघडून म्हणाली, "कप फुटला का हो?" मी म्हटलं, जाऊ दे कप.

३ डिसेंबर

एक हिशेब राहिला होता, विजेचा. तो केला.

चार वर्षांपूर्वी जिन्यातला जुना दिवा काढून पाच वॅटचा लावला. टायमर तसाच ठेवला. तो पाच वॅटचा दिवा रोज बारा तास, वर्षभर, कुणी जावो न जावो, जळता ठेवला असता तर वर्षाला बावीस युनिटं लागली असती. बावीस युनिटं म्हणजे घरातली इस्त्री बावीस तास. माझे सदरे ती दर रविवारी करायची, अर्धा तास लागायचा. वर्षाला सव्वीस तास.

५ डिसेंबर

वायरमनच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो दारात पंखा उघडून बसला होता. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं बस, आणि शेजारी बसलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. शेवटी म्हटलं, "मी चढून बघितलं. नवव्या पायरीवर दिवा जातो."

तो बराच वेळ पंख्याचं पातं पुसत राहिला. "साहेब, मीच वाढवायला हवी होती. तुम्हाला न विचारता. टायमरच्या पोटात एक स्क्रू असतो. अर्धं वळण फिरवलं असतं तर दोन मिनिटं झाली असती. तुम्हाला कळलंही नसतं."

"कळलं असतं," मी म्हटलं. "मी पुन्हा मोजलं असतं आणि परत चाळीस केलं असतं."

"हो," तो म्हणाला. "ते केलं असतं तुम्ही."

त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. उद्यापासून कामावर येतो म्हणाला.

१० डिसेंबर

टायमर काढला. भिंतीत त्याचा चौकोन राहिला, तो बुजवला. जिन्याची आखणी मात्र मी केली नाही. वायरमनला म्हटलं, तू आणि तुझा गुडघा ठरवा. तो एकेक पायरी चढत, थांबत, हाताने भिंतीवर खडूने खुणा करत गेला. प्रत्येक पायरीला घोट्याच्या उंचीवर एक छोटा दिवा, भिंतीत बसवलेला, उजेड खाली पायरीवर पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही असा. तेरा दिवे, एकेक वॅटचे. बटण साधं. खाली, वर आणि मधे सातव्या पायरीपाशी एक. लावलं की लागेल, आणि कुणी बंद करेपर्यंत राहील.

संध्याकाळी लावून बघितलं. प्रत्येक पायरीची कड दिसते. लाकडाचा रंग मधासारखा आहे हे मला माहीत नव्हतं. सुंदर दिसतो जिना. सुंदर दिसायला नको होता, असं एकदा मनात येऊन गेलं.

१४ डिसेंबर

लेकीला फोन केला. म्हटलं, मधे बोलू नकोस, आणि दोन तारखेचं पान वाचून दाखवलं. सगळं. चहाची हाकही. चक्करही.

ती रडली नाही. म्हणाली, "लोकरीचं मला माहीत होतं."

"तुला?"

"आईने दाखवलं होतं. गेल्या हिवाळ्यात आले होते तेव्हा. पिवळी गाठ तिने माझ्यासमोर बांधली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली. म्हणाली, त्यांना त्या टायमरचं फार कौतुक आहे, पत्रिकेत आलंय, राहू दे. मला काय, हाताला कळतं." मग लेक पुढे म्हणाली, "आणि ती गेल्यावर सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता? तुम्ही मोजल्याशिवाय कधी काही मानलंय, बाबा?"

मी वही मिटली.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही एकदा तरी तिच्या पायाने तो जिना चढाल म्हणून."

"येशील?"

"बघते."

१७ डिसेंबर

कपाटाच्या दारावरचं टिपण काढायला गेलो. हिने चारही बाजूंनी खळ लावून चिकटवलं आहे. निघेना. फाटायला लागलं. तसंच ठेवलं.

२३ डिसेंबर

आली. दुपारी अडीचच्या सुमाराला. बेडकी दारातूनच उड्या मारत आत शिरली आणि शेडखाली उभी राहून वर बघत राहिली. "आबा, याला टोपी घातलीय." लेकीने सगळं घर बघितलं. ओट्यापाशी उभी राहिली, हात पुढे धरून आपली सावली शोधली. भिंतीवरचा तो तेलकट डाग तिला दिसला. त्यावर तिने तळवा ठेवला. रंगाऱ्याला बोलावलं नाही ते बरं झालं. छान झालंय, असं ती कशालाच म्हणाली नाही. म्हणेल असं मला वाटलं होतं, हे इथे कबूल करतो.

मग जिन्याशी गेली. दिवे मी सकाळीच लावून ठेवले होते. कठड्यावरून हात फिरवत चढली आणि नवव्या पायरीवर थांबली. नळीवर तिथे रंगाची एक फिकट रिंग उरली आहे.

"लोकर कुठाय?"

मी डबा आणून दिला. तिने तिन्ही तुकडे तळहातावर घेतले. हिरवा आणि तांबडा डब्यात परत टाकले. पिवळा इतका आखूड राहिला होता की गाठ बसेना. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तिने तो मुठीत मिटला आणि मुठीसकट खाली आली. माझ्या अंगावरून जाताना खांद्याला तिचा खांदा लागला. मुद्दाम लागला की जागा अरुंद म्हणून, सांगता येत नाही.

बेडकीला वर जायचं होतं. मी तिच्या मागे, एक पायरी खाली. दोन्ही पाय जोडून उडी, एक पायरी. मग खाली बसायचं, भिंतीतल्या दिव्यावर हात ठेवायचा, बोटं लाल दिसतात ते बघायचं. मग पुढची. सवयीने माझं मनगट वर आलं आणि नजर घड्याळावर गेली. घड्याळ काढून खिशात टाकलं. नवव्या पायरीवर ती सगळ्यात जास्त वेळ बसली. तिथे तिला दिव्याबरोबर एक मुंगीही सापडली. मुंगीचं घर कुठे, मुंगीची आई कुठे, मुंगीला अंधारात दिसतं का, अशी चौकशी झाली. मी उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला माहीत नाही म्हटलं. दिवे लागलेले होते.

वरच्या खोलीत ती शिवणयंत्रापाशी गेली आणि अर्धा झगा ओढून "हा माझा?" म्हणून विचारायला लागली. तेवढ्यात खालून लेकीची हाक आली.

"बाबा, चहा झालाय. खाली येऊन घ्या. वर कुणी आणून देणार नाही."

"आलो," म्हटलं.

बेडकीला कडेवर घेतलं, एक हात कठड्यावर ठेवला आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली आलो. कपात चहा ओतलेला होता, समोर लेक बसली होती. तिने आपला कप उचलला नव्हता. मी बसल्यावर उचलला.